एकेचाळीस नंबरची ओवी

जावक क्र. १
युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड
२२ नोव्हेंबर २०२४

चि. पंचशीला,
सप्रेम जयभीम.

तू पाठवलेला कॉम्प्युटर सोमवारी एसटीच्या पार्सलने केजला पोचला. मी स्वतः जाऊन सोडवून आणला. जीपवाला म्हणाला, मागं टाका. मी टाकू दिला नाही, वडगाव येईपर्यंत मांडीवर घेऊन बसलो. अजून मांड्या दुखतात.

फोन करा म्हणालीस, पण फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि त्यातलं अर्धं विसरतं. शिवाय तहसील कचेरीत एकतीस वर्षं शिपाई होतो. तोंडी हुकमावर काम करायचं नाही, ही सवय हाडात मुरली आहे. साहेब बदलून जातो, कागद राहतो. म्हणून पत्र. तूही उत्तर कागदावर दे, म्हणजे मशीनशेजारी ठेवून एकेका ओळीवर बोट ठेवत काम करता येईल.

आता काळजीचं. विहाराच्या वाचनालयात तुझ्या चिठ्ठीप्रमाणे सगळ्या वायरी लावल्या. उजेड आला. पडद्यावर ‘शहादेव’ आणि ‘वाचनालय’ अशी दोन खाती दिसली. माझ्या खात्यात शिरलो. ‘चतुराबाई’ नावाचं पिवळं फोल्डर दिसलं तेव्हा डोळे भरले. जुना कॉम्प्युटर पावसाळ्यात व्होल्टेजने जळाला तेव्हापासून तुझ्या काकूच्या दोनशे तेरा ओव्या गेल्या असंच मी धरून चाललो होतो. दोन वर्षं ती रोज दुपारी येऊन, स्वतःच्या हाताने लाल बटण दाबून गायली आहे. दिवाळीला तू जळक्या मशीनमधली डिस्क काढून पुण्याला नेलीस तेव्हाही माझा विश्वास नव्हता. खोटं कशाला बोलू.

पण फोल्डर उघडायला गेलो तर पाटी आली. अक्षर लावून वाचली: तुम्हाला या फोल्डरची परवानगी नाही. खाली ‘कंटिन्यू’ असं बटण, आणि ते दाबलं तर परवानगी कायमची मिळेल असं इंग्रजीत लिहिलेलं. ‘कायमची’ हा शब्द पाहून हात मागे घेतला. असल्या शब्दाखाली न विचारता अंगठा देऊन किती जणांच्या जमिनी गेल्या, ते मी कचेरीत पाहिलं आहे.

तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवशी विहारात सगळ्या गावासमोर या ओव्या लावायच्या ठरल्या आहेत. केजहून पत्रिका छापून आल्या. त्यावर ‘चतुराबाई शहादेव सरवदे यांच्या दोनशे तेरा ओव्या’ असं छापलंय. ती पत्रिका तिने पिठाच्या डब्यामागे उभी करून ठेवली आहे. रोज विचारते, “उघडलं का?” मी सांगतो, “साहेब जेवायला गेलेत.” असं किती दिवस चालणार?

हे पत्र पोचल्याचं कळव. मध्येच गहाळ झालं तर काय, म्हणून याची नक्कल वहीत ठेवली आहे.

तुझा,
तात्या


पुणे
२७ नोव्हेंबर २०२४

ती. तात्या,
जयभीम.

पत्र पोचलं. आधी हे वाचा: ओव्या सगळ्या आहेत, एकही गेलेली नाही. आता पाणी प्या आणि पुढे वाचा.

चूक माझी आहे. जुन्या डिस्कवरून ओव्या घेताना त्यांच्याबरोबरचे जुने नियमही मी जसेच्या तसे उचलले. प्रत्येक फाइलवर मालक कोण, कोणी वाचायचं, कोणी बदलायचं हे लिहिलेलं असतं. जुन्या मशीनवर मालक म्हणून जे खातं होतं, ते त्या मशीनबरोबर जळालं. नव्या मशीनला तो मालक ओळखू येत नाही, म्हणून ते दार उघडत नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर उताऱ्यावरचा खातेदार वारला आहे आणि फेरफार झालेला नाही.

तो फेरफार आता तुम्ही करायचा. ‘कंटिन्यू’ दाबू नका, आपण रीतीने करू. तुमच्या खात्याला ते अधिकार मी देऊन ठेवले आहेत.

फोल्डरवर जाऊन माउसचं उजवं बटण दाबा. सगळ्यात खाली ‘प्रॉपर्टीज’. त्यात ‘सिक्युरिटी’, मग ‘अॅडव्हान्स्ड’. वर ‘ओनर’ म्हणजे मालक. तिथे एक लांबलचक नंबर दिसेल, घाबरू नका, तोच तो जुना मालक. त्याच्यापुढे ‘चेंज’ दाबा आणि तुमचं नाव लिहा. त्याखाली एक छोटा चौकोन आहे, त्यात खूण करायला विसरू नका. ती खूण केली तरच आतल्या सगळ्या फाइलींवर नाव चढतं, नाहीतर नुसत्या दाराचे मालक व्हाल आणि घर परक्याचं राहील. मग बंद करून पुन्हा उघडा आणि परवानग्यांच्या यादीत तुमच्या नावापुढे ‘फुल कंट्रोल’ द्या.

आणि काकूला सांगा, साहेब जेवून आले.

तुमची,
पंचशीला


जावक क्र. २
युसूफ वडगाव
४ डिसेंबर २०२४

चि. पंचशीला,
सप्रेम जयभीम.

उघडलं!

सगळं एका दमात लिहितो. पहिल्यांदा चौकोनात खूण करायची राहिली. तू लिहून दिलंस तरी राहिली. बाहेरचं फोल्डर उघडलं, आतली एकही ओवी बोलेना. मग तुझा कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. त्या मालकाचा नंबर मी वहीत उतरवून ठेवला आहे, कधी कुणी विचारलंच तर असावा. दुसऱ्या वेळी खूण केली. पडद्यावर फाइलींची नावं भराभर पळाली, आणि एक नंबरच्या ओवीवर दाबलं तर काकूचा आवाज! ती दारात झाडत होती. झाडू टाकून आत आली. म्हणाली, “आवो, ही बाई तर जोरात गाती!” मी म्हणालो, “ही बाई तूच.” म्हणाली, “मग बरोबर हाय.”

आता रोज चार वाजता बाया ऐकायला येतात. बायनाबाई, म्हणजे काकूची शेजारीण, ती तर तीनलाच येऊन पुढची जागा धरते. माझा दोस्त धोंडीरामही येतो आणि मागे बसून टोमणे मारतो. त्याच्या टकलावर काकूने एक ओवी केली आहे, ती लागली की म्हणतो, “वहिनी, एक दिवस पुसणी फिरवतो बघा हिच्यावर!”

एक गोष्ट मी माझ्या डोक्याने केली, ती सांगतो. ‘वाचनालय’ खात्यातून फोल्डर उघडत नव्हतं. मीच घरी असलो तर बायांनी तिथे ताटकळायचं का? परवानग्यांच्या यादीत शोधता शोधता ‘एव्हरीवन’ असं नाव सापडलं. त्याचा अर्थ सगळे, एवढं सातवीपर्यंतच्या शिक्षणात येतं. त्याला फुल कंट्रोल दिला. माझी आई गावच्या आडाजवळ घागर घेऊन उभी राहायची. कुणी वरून पाणी ओतलं तर घरी पाणी, नाहीतर नाही. मी तिच्या पदराला धरून उभा असायचो. माझ्या हातात एका दाराची किल्ली आली, आणि मी अर्धी परवानगी देऊ? सगळ्यांना सगळं दिलं. त्या रात्री छान झोप लागली.

एवढंच एक विचारायचं होतं. मी ओव्या वहीत लिहून काढतो, काकू घरी सावकाश सांगते. एकेचाळीस नंबरची तेवढी कोरी आहे. “ती नीट आली न्हाई, सोडा,” म्हणाली. कोरं पान वहीत वाईट दिसतं. मशीनवर ऐकून लिहू का?

तुझा,
तात्या


पुणे
९ डिसेंबर २०२४

ती. तात्या,
जयभीम.

तुमचं पत्र ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्याकडे शिकून आलेली मुलं तो चौकोन विसरतात आणि दिवसभर डोकं धरून बसतात. तुम्ही कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलात. मी सगळ्यांना सांगितलं, हे माझे काका.

पण तात्या, ‘एव्हरीवन’चा फुल कंट्रोल आजच काढा. हे पत्र मिळताच. तुम्ही सगळ्यांना पाणी प्यायची मोकळीक दिली हे बरोबर, पण त्याबरोबर आड बुजवायची मोकळीकही देऊन बसलात. फुल कंट्रोल म्हणजे ऐकणं, बदलणं आणि पुसणंही. ‘एव्हरीवन’पुढे फक्त ‘रीड’ ठेवा. ऐकायला कुणालाच अडचण येणार नाही.

एकेचाळीसचं काकूलाच विचारा ना.

तुमची,
पंचशीला


जावक क्र. ३
युसूफ वडगाव
१६ डिसेंबर २०२४

चि. पंचशीला,
सप्रेम जयभीम.

उशीर झाला. तुझं पत्र शनिवारी मिळालं, आणि एक ओवी त्याआधीच्या बुधवारी गेली होती. चाळीसनंतर एकदम बेचाळीस. मोजल्या तर दोनशे बारा. परत मोजल्या. दोनशे बाराच.

माझ्या डोक्यात एकच आलं, धोंडीराम. तो बोलला होता ना, पुसणी फिरवतो म्हणून. चार वाजता सगळ्या बायांसमोर मी त्याला म्हणालो, “धोंड्या, हसण्यावारी बोलून शेवटी करून दाखवलंस!” तो उभाच राहिला. म्हणाला, “शहादेवा, मला तो उंदीर धड धरता येत न्हाई बे, अन् मी पुसीन? माझ्या टकलाची ओवी तर अजून हाय तिथं. पुसायचीच असती तर ती पुसली नसती का?” हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलं नाही. तो चपला न घालताच घरी गेला. चपला अजून विहाराच्या पायरीवर आहेत. काकू त्यांच्याकडे बघते आणि माझ्याशी बोलत नाही.

तू सांगितलंस तसं ‘एव्हरीवन’ला आता फक्त ऐकण्यापुरतं ठेवलं आहे. पण गेलेल्याचं काय? पत्रिकेवर दोनशे तेरा छापलंय. दोनशे बाराला तीच टाळी मिळेल, पण मला माहीत असणार ना. दोन वर्षं तिने घसा कोरडा केला आणि राखायचं काम माझं होतं. एकतीस वर्षांत कचेरीतला एक कागद माझ्या हातून हरवला नाही. आणि घरातली एक ओवी हरवली.

तुझ्याकडे प्रत असेल तर पाठव. काकूला कळू न देता पाठव.

तुझा,
तात्या


पुणे
२० डिसेंबर २०२४

ती. तात्या,
जयभीम.

प्रत आहे, काळजी सोडा. पण ती मागवायच्या आधी एक करा. पुसलेली फाइल लगेच जळत नाही, कचऱ्याच्या डब्यात पडून राहते. प्रत्येक खात्याचा डबा वेगळा असतो. तुम्ही तुमच्या खात्यातला बघितला असेल. आता ‘वाचनालय’ खात्यात शिरा आणि तिथला डबा उघडा. सापडली तर तिच्यावर उजवं बटण दाबून ‘रिस्टोअर’ करा, ती स्वतःच्या जागी जाऊन बसेल. ‘वाचनालय’ला आता बदलायचा हक्क नाही, म्हणून अडवलं तर ‘एव्हरीवन’ला तेवढ्यापुरता द्या आणि लगेच काढून घ्या.

आणि तात्या, धोंडीराममामांच्या चपला घेऊन तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जा. हे काम माझ्याकडून पुण्यात बसून होणार नाही.

तुमची,
पंचशीला


जावक क्र. ४
युसूफ वडगाव
२५ डिसेंबर २०२४

चि. पंचशीला,
सप्रेम जयभीम.

डब्यात होती. सांगितलंस तशी वर काढली, ती चाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये जाऊन बसली. कोरं पान भरावं म्हणून वही घेतली, कान मशीनला लावला आणि पहिल्यांदा ती ओवी ऐकली. इथे उतरवतो:

घर बांधलं बांधलं, माती वाहिली म्यां डोई,
कागदाच्या बाई पोटी माझ्या नावा जागा न्हाई.
धनी माझा सरकारी, दप्तराला गाठ बांधी,
माझ्या नावाची गं दोरी त्याला घावली न्हाई कधी.

तीनदा ऐकली. चौथ्यांदा लावली तेव्हा मागे पावलं वाजली. काकू होती.

“कावून काढली वर?”

“तू पुसलीस?”

“मग कोण पुसल? डब्याचं चित्र वळखू येतंय मला. आकडे बी येतेत.”

“पण कशाला?”

“तीन तारखेला समदं गाव बसणार. तुमी पुढं टोपी घालून बसणार. त्यात ही लागली तर तुमची मान खाली. धोंडीरामभावजींवर आळ आला तवा बी ह्याच्यापायीच गप बसले. रागाच्या भरात गायले मी. राग काय रोज असतो का?”

“कधी असतो?”

तिने थोडा विचार केला. “भाकरी थापताना असतो.”

पंचशीला, तू तेव्हा लहान होतीस. घर बांधलं त्या उन्हाळ्यात मी दिवसा कचेरीत असायचो. माती तिने वाहिली, विटा तिने दिल्या, भिंतीला पाणी तिने मारलं. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर नाव एकट्या माझं लागलं. माझ्या मनात कपट नव्हतं. सगळ्यांच्या घरी तसंच होतं, म्हणून वेगळं काही असतं हे सुचलंच नाही. लोकांचे फेरफार या टेबलावरून त्या टेबलावर मीच नेऊन द्यायचो. घरचा एक कागद मला दिसला नाही.

आणि आताही बघ. तू म्हणालीस मालकाच्या जागी तुमचं नाव लिहा, मी लिहिलं. दोनशे तेरा ओव्या तिच्या, मालक मी. तुझी चूक नाही, माझ्याही बोटाला शंका आली नाही.

काल दोन कामं केली. सकाळी धोंडीरामच्या घरी चपला नेल्या आणि त्याच्या बायकोपोरांसमोर माफी मागितली. तो म्हणाला, “चपला धुऊन आणायच्या होत्यास.” चहा मात्र पाजला. मग ग्रामपंचायतीत जाऊन घराच्या उताऱ्यावर चतुराबाईचं नाव लावण्यासाठी अर्ज दिला, दोन प्रतींत. एका प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज वाहिले, स्वतःचा पहिल्यांदा दिला. एकतीस तारखेच्या बैठकीत विषय घेतो म्हणाले. घेतील का? विसरले तर? सोमवारी आठवण करायला जाणार आहे. मंगळवारीही.

तिसरं काम तुझ्याशिवाय होत नाही. मशीनवर काकूचं खातं काढायचं आहे. मालक ती. कसं करायचं ते लवकर लिही. स्पीड पोस्टने लिही.

तुझा,
तात्या


पुणे
२८ डिसेंबर २०२४

ती. तात्या,

तुमचं पत्र वाचून मी आईला फोन केला आणि आमच्या घराचा उतारा काढायला सांगितला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल: त्यावरही एकट्या बाबांचंच नाव.

खातं कसं काढायचं ते मागच्या पानावर ओळीने लिहिलं आहे. तिला अक्षर येत नसलं तरी आकडे येतात, म्हणून आकड्यांचा पिन ठेवा. तो तिने ठरवायचा, तिने दाबायचा, तुम्ही तोंड फिरवून उभं राहायचं. मग ‘ओनर’च्या जागी तिचं नाव आणि चौकोनात खूण. तिला फुल कंट्रोल, ‘एव्हरीवन’ला रीड. तुम्ही त्या सगळ्यांत आलातच, तुमच्या नावाची वेगळी ओळ काढून टाका.

खरं सांगते, तुमच्या खात्याला कुलूप मोडायची ताकद राहणारच आहे, मशीन चालवायला कुणाकडे तरी ती लागते. मोडायचं नाही, एवढंच.

मला तीन तारखेला सुट्टी नाही. सगळं लिहून पाठवा, काही सोडू नका.

तुमची,
पंचशीला


जावक क्र. ५
युसूफ वडगाव
६ जानेवारी २०२५

चि. पंचशीला,
सप्रेम जयभीम.

तुझा कागद एक तारखेला मिळाला आणि त्याच दुपारी खातं निघालं. पिन दाबताना मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. काकू दोनदा म्हणाली, “बघू नका बरं.” तिने कुठले आकडे ठेवले ते मला आजही माहीत नाही. मालकाच्या जागी ‘चतुराबाई’ उमटलं. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बोट ठेवून दावा.” बोट ठेवून दाखवलं.

मग तिला म्हणालो, “एकेचाळीस पुसायची की लावायची ते आता तू ठरव. मला पुसता येत नाही आणि मी सांगणारही नाही.” ती उठून भाकरी थापायला घरी गेली. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तीन तारखेला विहार भरून बाहेर सतरंजी टाकावी लागली. सरपंच आले. काकू निळं काठपदराचं लुगडं नेसून मशीनसमोर बसली, पिन दाबला, फोल्डर उघडलं. पहिली ओवी लागल्यावर बायनाबाई मोठ्याने बोलली, “बाई बसलीय इथं, आवाज येतोय तिथून!” सगळे हसले. धोंडीरामच्या टकलाची ओवी लागली तेव्हा त्याने स्वतः उठून टोपी काढून दाखवली.

चाळीस संपली. तिने हात थांबवला. माझ्याकडे वळून बघितलं. मी मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून ते माझं मलाच समजलं नाही. तिने एकेचाळीस लावली.

मी टोपी काढून मांडीवर घेतली आणि खाली बघत बसलो. शेजारून धोंडीराम हळूच म्हणाला, “शहादेवा, मान वर कर बे. खिशातलं काढ की.”

त्याला माहीत होतं, कारण उतारा आणायला तोच माझ्याबरोबर आला होता. एकतीसच्या बैठकीत ठराव झाला, दोन तारखेला कागद हातात पडला. मी उभा राहिलो. एवढ्या लोकांसमोर कधी बोललो नाही. साहेबांच्या सभेत पाणी देत फिरलो आहे, तेवढंच. कागद उघडून वाचला: “घराच्या मालकाचे नाव, चतुराबाई शहादेव सरवदे व शहादेव सरवदे.” आवाज फाटला, पण वाचला.

काकू मशीनपासून म्हणाली, “माझं आधी हाय?”

मी म्हणालो, “अर्ज मी लिहिला, क्रम मी लावला.”

तेव्हा जी टाळी झाली, पंचशीला, ती पुण्याला ऐकू आली नसेल तर तुमच्याकडे गाड्यांचा आवाज फार आहे. सरपंच दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरचा अर्ज कसा लिहायचा ते विचारायला आले. तेव्हापासून चार जण येऊन गेले. मी नमुना करून ठेवला आहे, रकाने आखून.

आता एक अडचण सांगतो. काल वही आणि मशीन ताडून बघताना शंभराव्या ओवीची चुकीची फाइल लागलेली दिसली. एकशे एक तिथे आणि शंभर इथे, अशी अदलाबदल. बदलायला गेलो तर पाटी आली, परवानगी नाही. ती पाटी मी पूर्ण वाचली, आणि काय सांगू, बरं वाटलं. काम चोख झालं होतं.

घरी गेलो. काकू चुलीपुढे भाकरी खात होती. उंबऱ्यात उभा राहून म्हणालो, “दोन फाइलींची जागा बदलायची आहे. मालकांची सही लागते.”

तिने भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि वर न बघता म्हणाली,

“साहेब जेवायला बसलेत. वाट बघा.”

मी बाहेर ओट्यावर बसून वाट बघितली.

तुझा,
तात्या